तो अपघाताचं नावही काढत नाही, मग विसरला असेल ना?

"सात महिने झाले मॅडम. हाड जुळलं, प्लास्टर निघालं. तो त्या अपघाताचं नावही काढत नाही. मग ही चिडचिड आता कुठून आली?" तरुण मुलाला घेऊन आलेली आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरच्यांकडून असा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो आणि त्यातलं 'नावही काढत नाही' हेच मला जास्त काळजीचं वाटतं.

मुलगा दाराकडे तोंड करून बसला होता. झोपेविषयी बोलत असताना बाहेर कुणीतरी करकचून ब्रेक मारला. तो बोलता बोलता थांबला. खुर्चीचा हात इतका घट्ट आवळला की बोटं पांढरी पडली, कपाळावर घाम आला. जरा वेळानं म्हणाला, "काय विचारलंत?" मधला तो वेळ तो पुन्हा त्या गाडीत होता.

मग हळूहळू कळत गेलं. रात्री स्वप्नात तीच टक्कर, दिवसा पेट्रोलच्या वासानंही पोटात गोळा. गाडी चालवणं बंद, तो रस्ता बंद. शेजारच्या सीटवर बसलेला मित्र जबर जखमी झाला होता, त्याचा फोनसुद्धा हा उचलत नव्हता. "मी आधी ब्रेक मारायला हवा होता," हे मात्र दिवसभर डोक्यात. भाचीला कडेवर घेतलं तरी काही वाटत नाही, हे सांगताना त्याचा आवाज अगदी सपाट होता. घरात भांडं पडलं की दचकायचा, मग ओरडायचा. आईला दिसत होतं ते एवढंच.

ही पीटीएसडीची, म्हणजे आघातोत्तर तणाव विकाराची लक्षणं. आठवण सहन होत नाही, म्हणून माणूस विषय टाळतो आणि घरच्यांना वाटतं, सावरला. पहिले काही आठवडे असा त्रास अनेकांना होतो, बहुतेकांचा ओसरतो. महिन्याहून जास्त टिकला, काम आणि नाती बिघडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. काहींमध्ये पूर्ण चित्र सहा महिन्यांनंतरही उमटतं.

मीही त्याला तिकडेच पाठवलं. आघातावर केंद्रित सीबीटी (बोलण्यातून विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी पद्धत) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं त्रासदायक आठवणींवर काम करणारी पद्धत) या उपचारांनी बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो, गरजेनुसार औषधंही देतात.

"घरी आम्ही काय करू?" आईनं विचारलं. खोदून खोदून विचारू नका, बोलला तर मधे न तोडता ऐका. दारू किंवा मनानं घेतलेल्या झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या का, ते पाहा. आणि जगणं नको असं एकदा जरी म्हणाला, तरी पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.