मुंबईत पावलोपावली स्पेशालिस्ट असताना फॅमिली डॉक्टर कशाला हवा?

तुमच्या वडिलांचे हार्टचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, मग गल्लीतल्या डॉक्टरची फी आणखी कशाला भरायची, असं तुम्ही विचारलंय. भरा. स्पेशालिस्ट आपापल्यापुरतं बघतात, सगळी औषधं एकत्र कोणी बघत नाही.

माझ्या आईला बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू होती. गुडघे धरले म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक दिलं. चूक कोणाचीच नाही. पण आमच्या लालबागच्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे "पिशवी आणलीत का?" विचारलं, सगळ्या स्ट्रिपा टेबलावर ओतल्या, चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "काकू, ही दुखण्याची गोळी कधीपासून?" ही तीन औषधं एकत्र आली की किडनीवर ताण येतो; त्यात वय झालेलं आणि पाणी कमी पिणारं माणूस असेल तर जास्तच. रक्तात क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) वाढलेलं निघालं. त्यांनी ती गोळी थांबवली आणि हाडांच्या डॉक्टरांसाठी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या, त्यामुळे तिकडे पहिल्यापासून पाढा वाचावा लागला नाही. (आईच्या मते ती गोळी फार गुणाची होती.)

शुगरच्या गोळ्यांत आणखी एक भानगड असते. ग्लिमेपिराइड दोन डॉक्टरांनी दोन ब्रँडच्या नावाने लिहिलं की पेशंट दोन्ही घेतो आणि शुगर धाडकन खाली येते.

आता डॉक्टर निवडताना एक बघा. कट प्रॅक्टिस आपल्याकडे नवीन नाही. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायला मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत मनाई आहे, तरी चालतं. दर वेळी ठरावीक लॅब, ठरावीक हॉस्पिटल, आणि का ते विचारलं की आठ्या, असं असेल तर दुसरा बघा.

फी जड जात असेल तर महापालिकेचा दवाखाना किंवा 2022 पासून सुरू झालेला 'आपला दवाखाना' आहे. साध्या तक्रारीसाठी थेट केईएमसारख्या मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत रांग लावण्यापेक्षा आधी तिथे दाखवा.

वडिलांना नेताना स्ट्रिपा, ताजे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड घ्याच. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या आणि चूर्णंही पिशवीत टाका, नेमकं तेच सांगायचं राहतं. आणि हे वाचून घरच्या घरी कुठली गोळी बंद करू नका.