वास परत येईल ना, मॅडम?

कोविडची लाट ओसरली तरी हा प्रश्न माझ्याकडे येतच राहिला. साध्या फ्लूनंतरही लोक येतात. नाक मोकळं झालं, पण वास नाही. घरचे म्हणतात, "जीव वाचला ना, मग वासाचं काय घेऊन बसलीस!" अशानं माणूस बोलायचंच बंद करतो.

२०२१ च्या पावसाळ्यात एक ताई आल्या (ओळखीचे तपशील बदलले आहेत). दिवाळीचा फराळ ऑर्डरवर करून देणाऱ्या. भाजणी, बेसन, सगळं वासावर जोखायची सवय. एप्रिलमध्ये कोविडनं वास गेला आणि जुलैत कांद्याच्या फोडणीला गटाराचा वास येऊ लागला.

"मला भ्रम व्हायला लागलेत का, मॅडम?"

नाही. हा विषाणू मुख्यतः वासाच्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. चेतापेशी पुन्हा तयार होतात, पण मेंदूशी जुळणी होताना गडबड होऊ शकते. असा विकृत वास बऱ्याचदा सुधारणेच्या वाटेवरच येतो. हे ऐकूनच त्या निम्म्या सावरल्या.

बाकीचं निम्मं मात्र नाकात नव्हतं. उठल्याबरोबर कापूर, मग हिंगाची डबी, मग उदबत्ती. मध्येच सुनेला, "माझ्या अंगाला वास येतो का गं?"

"आणि कापराचा वास आला नाही की?"

"की मी संपले."

पुढच्या काही भेटी याच वाक्याभोवती गेल्या. घटना दुखावते, पण तिच्याबद्दलचा हट्ट माणसाला मोडतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचं म्हणणं मला पटलेलं आहे. म्हणून मी "येईल हो" असा धीर देत नाही. तो संध्याकाळपर्यंतही पुरत नाही. मी विचारलं, "समजा पूर्ण नाहीच आला, तर बेसन कसं भाजाल?"

त्या चिडल्या. "असं अभद्र बोलू नका." मी गप्प राहिले. बऱ्याच वेळानं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "रंग दिसतो की. आणि बेसन भाजत आलं की तूप सोडतं, सैल पडतं, हाताला हलकं लागतं. वासाला सून आहेच."

संपलेल्या बाईनं एका दमात तीन वाटा सांगितल्या होत्या! तो अभद्र प्रश्न वेळेवर विचारला याचं मला अजून बरं वाटतं.

त्यानंतर वासाचा सराव. जर्मनीत ड्रेस्डेनचे संशोधक थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, दिवसातून दोनदा, काही सेकंद, निदान तीन महिने. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण करून पाहण्यात तोटा नाही. अट एकच: ही रोजची परीक्षा करायची नाही. हुंगायचं, तो वास आठवायचा, डबी बंद. नोंद महिन्यातून एकदा. अंगाच्या वासाबद्दल सुनेला दिवसातून एकदाच विचारायचं.

आणि हे आधी करा: कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, सर्दी-ताप नसताना वास गेला असेल तर नक्कीच. गॅसगळती कळावी म्हणूनच गॅसमध्ये वास मिसळतात. तो येत नसेल तर गळती ओळखणारं यंत्र बसवा, रात्री रेग्युलेटर बंद करा. उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहा. तळलेलं, भाजलेलं, कॉफी सोसत नसेल तर दहीभातासारखं गार, साधं खा. वजन उतरत असेल किंवा दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना तेही सांगा.

त्या दिवाळीत ताईंनी ऑर्डरी घेतल्या, थोड्या कमी. लवंग कळू लागली होती, कांदा अजून बिघडलेलाच होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "चकलीला कांदा लागतो कुठे, मॅडम?"