ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झालो; पुन्हा तयारी कशी करावी?

एका टेस्टमध्ये नापास झाल्याने आपल्याला गाडी चालवताच येत नाही, असा निष्कर्ष काढू नये. मोटार वाहन कायद्यानुसार सात दिवसांनंतर पुन्हा टेस्ट देता येते. मात्र तीनदा अपयश आल्यास साठ दिवस थांबावे लागते आणि शिकाऊ परवान्याची मुदत सहाच महिन्यांची असते, म्हणून हातची तारीख विनाकारण दवडू नये.

मी स्वतः पहिल्या टेस्टमध्ये चढावर नापास झालो होतो: गाडी वीतभर मागे सरकली, घाबरून क्लच एकदम सोडला आणि इंजिन बंद पडले. त्यानंतर आठवडाभर भल्या पहाटे एका रिकाम्या चढावर केवळ एवढाच सराव केला. हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच हळूहळू सोडत गाडीचे नाक किंचित उचलले जाऊन आवाज जड झाला की मगच हँडब्रेक खाली करायचा. (शेजाऱ्यांचे टोमणेही ऐकले, ते असो.)

आपण नेमके कुठे चुकलात, हे निरीक्षकांना तिथेच नम्रपणे विचारून घ्यावे आणि बहुतेक सराव त्याच चुकीवर खर्च करावा. शक्य असल्यास ज्या गाडीवर सराव केला, तीच टेस्टला न्यावी, कारण प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या ठिकाणी पकडतो.