कापडी हूडची गाडी रस्त्यावर लावताना लॉक करायची का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, सेकंडहँड कन्व्हर्टिबल थार घेतलीय, बिल्डिंगमध्ये पार्किंग मिळत नाही म्हणून गाडी रात्रभर रस्त्यावर असते. मित्र सांगतो, "दारं लॉक करू नको. चोर हूड फाडेल, आत काय मिळेल त्यापेक्षा हूड महाग पडेल." वडील म्हणतात, "गाडी उघडी टाकून झोपतं का कोणी?"

वडिलांचं ऐका. पण मित्रालाही वेड्यात काढू नका. एके काळी मीसुद्धा त्याच्याच मताचा होतो. आधी महिंद्राची एमएम ५४० जीप चौदा वर्षं वापरली, आता तुमच्यासारखीच थार आहे, त्यामुळे कापडाखाली झोपणाऱ्या गाडीची काळजी म्हणजे काय, ते मला पाठ आहे.

मित्राचं म्हणणं मूळचं बाहेरच्या देशातलं. तिकडे माझदाची मियाटा ही दोन सीटची उघडी गाडी १९८९ साली आली आणि कापडी हूडच्या गाड्या पुन्हा घरोघरी दिसायला लागल्या. त्या काळात गाडीत चोरण्यासारखी वस्तू म्हणजे कॅसेटचा स्टिरिओ. दोन स्क्रू काढले की हातात यायचा आणि बाजारात लगेच विकला जायचा. तेव्हा हिशेब सरळ होता: दार उघडं ठेवा, चोर स्टिरिओ नेईल, हूड तरी वाचेल. आपल्याकडेही लग्नाला गेलं की स्टिरिओचा पुढचा तुकडा काढून खिशात घालायची पद्धत होती, आठवतंय का? कोटाचा एक खिसा कायम फुगलेला. आता स्क्रीन डॅशबोर्डमध्येच बसवलेली असते, आणि गाणी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. ती सुटी काढून कोण कुणाला विकणार? म्हणजे ज्या चोरासाठी दार उघडं ठेवायचं, तो चोरच धंदा सोडून गेला. आज गाडीतून जातं ते आपणच सीटवर विसरलेलं: लॅपटॉपची बॅग, पाकीट, चार्जरला लावलेला फोन.

आता माझी फजिती ऐका. गड्ड्याच्या यात्रेचे, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या जत्रेचे दिवस, त्यातला अक्षता सोहळा बघायला आम्ही सगळे निघालेलो. होम मैदानाच्या आसपास जागा मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून जीप लांब रेल्वे लाईन्स भागात एका गल्लीत लावली. तुमच्या मित्राच्याच तत्त्वाने दारं उघडी. जीपची ती कापडी दारं, लॉक असं काही नव्हतंच, फार तर चेन ओढायची, तीही ओढली नाही. मागच्या बाकावर एक पिशवी होती. पुण्याच्या बहिणीकडे न्यायच्या दोन चादरी आणि शेंगाचटणीचे दोन डबे. परत आलो तर हूडला मागच्या बाजूने दीड फूट चीर, पिशवी गायब. दारं आम्ही सोडून गेलो तशीच, हातभर अंतरावर उघडी!

त्या दिवसापासून मला कळलं की ब्लेड घेऊन फिरणारा माणूस आधी हँडल ओढून बघत बसत नाही. त्याला मागच्या प्लास्टिकच्या खिडकीतून पिशवी दिसते, पिशवीच्या सर्वांत जवळचं कापड तो कापतो, आणि चालू लागतो. दार उघडं आहे ही आपली सोय त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तशी पाटी लावणार का गाडीवर?

म्हणून खरा प्रश्न लॉकचा नाही, खिडकीतून काय दिसतं याचा आहे. गाडी रोज रात्री धुतल्या भांड्यासारखी रिकामी करा. चार्जरची वायरसुद्धा नको. वायर दिसली की फोन आत असेल असं वाटतं. डिकीत झाकून ठेवलेली पिशवी तर त्याहून वाईट, झाकलंय म्हणजे किमती असणार. मूळ आरसी बुकही गाडीत ठेवू नका, चोराच्या हाती कागद गेले की गाडी पुढे खपवणं सोपं जातं. डिजिलॉकरमधली आरसी आणि लायसन्स २०१८ पासून चालतात, पोलिसाला तीच दाखवा.

एवढं करून दारं लॉक करायची, त्याचं मुख्य कारण विमा. पॉलिसीत अट असते की गाडी सुरक्षित ठेवण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे. गाडी चोरीला गेली आणि तुम्हीच लिहून दिलंत की मी मुद्दाम उघडी ठेवतो, तर कंपनीला आयतं कोलीत मिळालं. सर्वोच्च न्यायालयासमोर २०२३ मध्ये एक ट्रकचं प्रकरण होतं. ड्रायव्हर चावी तशीच ठेवून पत्ता विचारायला उतरला आणि ट्रक गेला. कंपनीने क्लेम नाकारला होता, कोर्टाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. म्हणजे हलगर्जीपणामुळे सगळंच बुडतं असं नाही, पण चौथा हिस्सा गेला आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या त्या वेगळ्याच. चोरीच्या क्लेममध्ये कंपनी दोन्ही चाव्या मागते, तेव्हा जुन्या मालकाकडून दुसरी चावी घेतली नसेल तर आधी घ्या. आणि गाडीतल्या सामानाची भरपाई साध्या पॉलिसीत नसते. माझ्या चादरींबद्दल मी विचारून बघितलं होतं, समोरचा माणूस हसला.

फक्त हूड फाटलं तर क्लेम करायचा का, हा वेगळा हिशेब. रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. हूड त्यात धरणार का ते, आणि तुमची पॉलिसी झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी, आहे का, आधी विचारून घ्या. शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. लहानसहान चीर असेल तर मी खिशातूनच करतो.

दुसरं कारण म्हणजे उघडी गाडी ही सार्वजनिक जागा होते. रात्री कुणीतरी आत बसून बाटली संपवतं, सकाळी वास आणि शेंगांची टरफलं आपल्याला. हे माझ्या जीपमध्ये दोनदा झालंय.

जुन्या जीपवाल्यांसाठी मात्र माझं उत्तर थोडं वेगळं. तिथे दाराच्या लॉकला अर्थच नसतो. आणि त्या जुन्या डिझेल इंजिनाला चावीचीही फारशी गरज नाही. पंप यांत्रिक, बंद करायला ओढायची दांडी, उतारावर ढकलली की बॅटरीशिवायही सुरू. त्यामुळे करंट कट करणारा स्विच बसवून निर्धास्त होऊ नका. मी स्टिअरिंग आणि क्लच पेडल यांच्यात जाड साखळी घालून कुलूप लावायचो. बॉनेटच्या क्लिपा बाहेरूनच उघडतात, तिथेही एक कुलूप, नाहीतर बॅटरी जाते. तुमच्या थारमध्ये इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चावीशिवाय गाडी सुरू करणं अवघड, मग तुम्हाला साखळीची गरज नाही.

खरं सांगू? सोलापुरात हूडचा मोठा शत्रू चोर नाहीच, ऊन आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की प्लास्टिकच्या खिडक्या आधी पिवळ्या पडतात, मग कडक होतात, मग घडीवर तडकतात. धूळ बसलेली असताना कोरड्या फडक्याने पुसू नका, बारीक वाळूचे ओरखडे कायमचे राहतात. आधी पाणी ओता, मग मऊ कापड. आपलं बोअरचं पाणी जड, तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग पडतात, लगेच टिपून घ्या. बॉडी कव्हरबद्दल लोक विचारतात. वाऱ्याने ते रात्रभर हलतं आणि आतली धूळ कानसासारखी घासते, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला मी घालत नाही. कडुनिंबाची सावली मिळाली तर उत्तम. चिकट थेंब आणि पक्षी सोसायचे. मांजरांचं मात्र बघा, उबदार कापडावर झोपतात आणि उठताना नखं ताणतात.

आणि चीर पडलीच तर लगेच नवीन हूडच्या मागे लागू नका. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे कारागीर आपल्याकडे आहेत, त्यांच्याकडे जा. फक्त एक सांगून ठेवा: नुसती शिलाई नको, सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येतं. आतून त्याच जाडीच्या कापडाचा तुकडा सोल्युशनने चिकटवायचा, कडा गोल कापायच्या, आणि मग बाहेरून एकच टीप, तिच्यावर पुन्हा सोल्युशन. माझ्या जीपला असा पॅच लावला होता, गाडी विकली तेव्हाही तो शाबूत होता. घेणाऱ्याने तोच दाखवून दोन हजार कमी केले.