अणुवीज आणि अणुबॉम्ब यांचं नातं: बोईसरहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमच्या मुलाला अकरावीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी ‘अणुऊर्जा: शाप की वरदान’ हा विषय मिळालाय. (माझ्या शाळेतही हाच होता. पन्नास वर्षांत परीक्षकांना दुसरा सुचलेला दिसत नाही.) तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: तारापूरच्या अणुवीज केंद्राचा हिरोशिमासारखा स्फोट होऊ शकतो का, वीज आणि बॉम्ब यांचा खरंच संबंध असतो का, आणि बोईसरला राहतो तर आयोडीनच्या गोळ्या घरात ठेवाव्यात का. तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना एकाने लिहिलंय ‘काडीचाही संबंध नाही’, दुसऱ्याने ‘बॉम्ब उशाला घेऊन झोपताय’. मी अणुवीज केंद्रांमध्ये किरणोत्सर्गाचे डोस मोजण्यात नोकरी घालवली, आता निवृत्त आहे. माझ्या मते दोघेही चुकतायत.

आधी स्फोटाचं बघू. खाणीतल्या युरेनियममध्ये सहज फुटणारा प्रकार, म्हणजे युरेनियम-२३५, जेमतेम ०.७ टक्के असतो. तारापूरच्या जुन्या दोन अणुभट्ट्यांना तो दोन-तीन टक्के पुरतो, बॉम्बला नव्वदच्या आसपास लागतो. त्यामुळे भट्टीचा अणुबॉम्ब होत नाही, कितीही हलगर्जीपणा केला तरी. हे मुलाने बिनधास्त सांगावं.

खरी भीती उष्णतेची असते. चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तसं भट्टी बंद केल्या क्षणीही पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते. ती झपाट्याने कमी होते, पण संपत नाही. पाणी फिरवत राहावंच लागतं. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या. पाऊणेक तासाने त्सुनामी आली, डिझेल जनरेटर बुडाले, पाणी थांबलं आणि इंधन वितळलं. टीव्हीवर उडताना दिसल्या त्या हायड्रोजनच्या स्फोटाने फुटलेल्या इमारती. तारापूरच्या १९६९ सालच्या दोन भट्ट्या आणि फुकुशिमाची पहिली भट्टी एकाच अमेरिकन कंपनीच्या, उकळत्या पाण्याच्या एकाच कुळातल्या. त्यामुळे त्या आठवड्यात आमच्यापैकी कुणाला धड झोप लागली नव्हती.

आता एक उलटं वाटणारं सांगतो. हिरोशिमात १९४५ संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली, आणि आज त्याच शहरात दहा लाखांहून जास्त लोक राहतात. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलला अपघात झाला, दुसऱ्या दिवशी शेजारचं प्रिप्यात शहर बसगाड्यांमधून रिकामं केलं, ते आजही ओस आहे. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये ६४ किलोच्या आसपास युरेनियम होतं, त्यातलं एक किलोही फुटलं नाही, आणि तो जमिनीपासून सहाएकशे मीटर वर फुटला. भट्टीत मात्र टनावारी इंधन असतं आणि त्यात महिनोन्‌महिने साठत गेलेली किरणोत्सारी राख. बॉम्ब माणसं मारतो, भट्टीचा अपघात जमीन नासवतो. म्हणजे दोन्हीकडची भीती वेगळी आहे. भाषणं मात्र सर्रास एकीचं चित्र दाखवून दुसरीची भीती घालतात.

मग ‘काडीचाही संबंध नाही’ म्हणणारे बरोबर का? नाही. भट्टीत युरेनियम जळताना प्लुटोनियम तयार होतं, आणि नागासाकीचा बॉम्ब प्लुटोनियमचाच होता. तुर्भ्याची सायरस ही संशोधन अणुभट्टी १९६० साली सुरू झाली. भट्टी कॅनडाने दिलेली, तिला लागणारं जड पाणी अमेरिकेचं, वापर शांततेसाठी करायचा असं ठरलेलं. १८ मे १९७४ ला पोखरणला जो स्फोट झाला त्याचं प्लुटोनियम सायरसमधलं होतं. आपण त्याला ‘शांततामय अणुस्फोट’ म्हटलं. कॅनडाने हात काढून घेतला, राजस्थानातली रावतभाट्याची दुसरी भट्टी आपल्या लोकांना एकट्याने पुरी करावी लागली. इकडे तारापूरचं इंधन अमेरिकेहून यायचं, तेही पुढे आटलं. १९८२ नंतर फ्रान्सने दिलं, मग चीनने, मग रशियाने. स्फोट थरच्या वाळवंटात झाला, पण त्याचा धक्का तुमच्या शेजारी बसला, तो असा.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. २००६ साली सरकारने नागरी आणि इतर प्रकल्पांची वाटणी जाहीर केली, तेव्हा तारापूरच्या एक आणि दोन नंबरच्या भट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली होत्या, तीन आणि चार नंबरच्या देखरेखीबाहेर ठेवल्या. म्हणजे एकाच आवारातल्या दोन भट्ट्यांतलं इंधन व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक मोजणार आणि शेजारच्या दोघींचं बाहेरचं कुणी मोजणार नाही. तिथे बॉम्ब बनतात असा याचा अर्थ नाही, ती वाट मोकळी ठेवली इतकाच. आधी उत्तर देणाऱ्या दोघांनीही हे एकदा लक्षात घ्यावं.

या नात्याची किंमत विजेच्या बिलात दिसत नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी किंमत गुप्ततेची. १९६२च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखून धरण्याचे मोठे अधिकार सरकारला दिले. १९८३ साली अणुसुरक्षेवर लक्ष ठेवणारं नियामक मंडळ आलं, तेही अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी होतं. बॉम्बसाठी लागणारी गुप्तता पंपांना आणि झडपांनाही लागू झाली, आणि सवय अशी जडली की सांगण्यासारखं असलं तरी कुणी सांगेना. मग लोक अफवांवर विश्वास ठेवतात. तारापूरच्या तीन-चार नंबरच्या भट्ट्यांसाठी आक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर अणुप्रकल्पाच्या वेळी साखरीनाटेचे मच्छीमार रस्त्यावर उतरले, एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक जण गेला. या लोकांना अडाणी म्हणणं सोपं आहे. त्यांच्या हातात तपासून बघता येईल असा कागद किती जणांनी दिला?

आम्हा कर्मचाऱ्यांच्या हातात तो असायचा. छातीवर किरणोत्सर्गाचा डोस नोंदवणारा टीएलडी बॅज लावायचो, आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या. नुसतं बघून काही कळत नाही. ठरलेल्या मुदतीने प्रयोगशाळेत त्या तापवतात, तेव्हा जितका डोस शोषला तितक्या त्या उजळतात. कामगाराला पाच वर्षांत १०० मिलीसिव्हर्ट (हे डोस मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३०, याच्या वर जायचं नाही. माझा आयुष्यभराचा हिशेब दशांशापर्यंत लिहिलेला आहे. तरी मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या आत्याने पोह्यांची बशी खाली ठेवून हळूच विचारलं, “यांच्या घरात किरणांचं काही नाही ना?” मी आकडे सांगितले. त्या मान डोलवत होत्या, पण आकडे ऐकत नव्हत्या. पुढे निरोपच आला नाही.

हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांनी, ज्यांना तिकडे हिबाकुशा म्हणतात, हे माझ्या शंभरपट भोगलं. नोकरी मिळेना, लग्न जमेना, म्हणून अनेकांनी वर्षानुवर्षं ओळख लपवली. वाचलेल्यांमध्ये ल्युकेमिया आणि इतर कर्करोग वाढले हे खरं. पण बॉम्बनंतर जन्मलेल्या त्यांच्या मुलांचा अनेक दशकं अभ्यास झाला, त्यात आनुवंशिक दोषांची ठळक वाढ आढळली नाही. ही गोष्ट आत्याबाईंपर्यंत पोचलेलीच नसते. वाचलेल्यांच्या निहोन हिदांक्यो या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. मुलाने भाषणात एखादा शास्त्रज्ञ कमी करून यांना चार वाक्यं द्यावीत.

राहिल्या गोळ्या. पोटॅशियम आयोडाइड थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने भरून टाकतं, त्यामुळे किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. पण ती संपर्काच्या थोडी आधी किंवा लगेच नंतर घ्यावी लागते, सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यावर तिचा काही उपयोग नाही, आणि मनाने घ्यायची नाही, प्रशासनाने सांगितलं तरच. मीठ जास्त खाऊन काही साधत नाही. केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरसाठी आपत्कालीन आराखडा असतो, बोईसर त्यात येतं. तुमच्या भागाने कुठे जमायचं हे तहसील कार्यालयात विचारून ठेवा. सरावाच्या दिवशी घरात बसू नका. आणि चेर्नोबिलच्या आसपास मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला तो मुख्यतः दुधातून: गवतावर पडलेलं आयोडीन गाईच्या पोटात, तिथून पेल्यात. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे प्रश्न काही आठवड्यांचा. तेव्हा घरात दूध पावडरचा एक बंद डबा असू द्या. वर्षभर काही झालं नाही तर तो चहाला वापरा आणि नवा आणा, आमच्याकडे अजून तसंच चालतं.