ओवाटोनाची बँक: एवढं काय आहे तिच्यात?

प्रश्न अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या ओवाटोना गावच्या नॅशनल फार्मर्स बँकेचा आहे: छोट्या गावातली ही इमारत एवढी नावाजलेली का, आणि गेल्यावर काय बघायचं?

वास्तुविशारद लुई सलिव्हन यांनी ती १९०८ साली पूर्ण केली. बरंचसं अलंकरण मात्र त्यांचे सहकारी जॉर्ज एल्म्सली यांचं, हे अनेकदा विसरलं जातं. त्या काळी बँक म्हणजे ग्रीक खांब, हे समीकरण पक्कं होतं. इथे खांबच नाहीत: खाली लालसर वालुकाश्म, वर विटांचा जवळपास चौकोनी ठोकळा आणि त्यात दोन प्रचंड कमानी.

आधी बाहेर कोपऱ्यावर उभं राहा, म्हणजे दोन्ही कमानी एकदम दिसतात. मग जवळ जाऊन विटा बघा. रंग मुद्दाम कमी-जास्त ठेवलेत, त्यामुळे भिंत विणलेल्या कापडासारखी वाटते. भोवतीची हिरवट पट्टी टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीची, आहे. आत शक्यतो उन्हाच्या वेळी जा. रंगीत काचांतून येणारा हिरवट उजेड हीच खरी गंमत. गाईंचं भित्तिचित्र आणि ओतीव लोखंडाचे चार अवाढव्य दिवे चुकवू नका.

आतलं सगळंच मूळचं समजू नका. १९४०च्या फेरबदलात बरंच काही गेलं, विशेषतः रोखपालांच्या खिडक्यांच्या जाळ्या. पुढे १९५०च्या दशकात वास्तुविशारद हार्वेल हॅमिल्टन हॅरिस यांनी बरंच सावरलं. १९७६ पासून ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे, आणि १९८१ मध्ये अमेरिकी टपाल तिकिटावरही आली.