कॅनडातली नोकरी सोडून किल्लारीजवळ आईच्या गावी वर्षभर राहायला येऊ का? गावातले लोक कसं घेतील?

या की. पण गावात पहिला प्रश्न येईल, "किती दिस हाव?" आणि त्याच्या पोटात दुसरा असेल, वाटणी मागायला आलात का. आपली मुळं शोधायची आहेत, आजोबांचा वाडा बघायचा आहे, जमिनीत रस नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे कुणालाही पटणार नाही, आणि त्यांचंही काही चुकत नाही. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. तरी आमच्याकडे बहुतेक बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, भाऊ साडीचोळी करतो, माहेर शाबूत राहतं. तुमच्या आईची सही झालेली नसेल, तर तिचं लेकरू नोकरी सोडून उगाच येऊन राहतंय यावर कोण विश्वास ठेवणार?

मी लंडन सोडून आजीच्या गावी, औशाकडे राहते. आमच्याकडेही हेच झालं. मामेभाऊ बोलायचे गोड, पण शेताकडे न्यायचं नाव काढायचे नाहीत. शेवटी आईला फोनवर घेतलं आणि तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, हिस्सा सोडणार नाही, विकणारही नाही, आत्ता कसतोय त्यानंच बटईनं कसावं. काही महिने घुसफूस चालली, मग निवळलं. तुमच्याकडे सोडायचं की ठेवायचं हे तुमच्या आईनं ठरवावं, पण तुम्ही विमानात बसायच्या आधी, आणि मामांना ते तिच्याच तोंडून कळू द्या. "बघू पुढं" एवढं मात्र म्हणू नका.

वाड्याचं काय ते मामांना विचारा, पण फार आशा ठेवू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. त्या भागातली घरं माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, दगडमातीच्या रुंद भिंतींची. माणसं त्याच भिंतींखाली गेली. नंतर ५२ गावं दुसऱ्या जागी वसवली. नव्या गावात सरळ रस्ते आणि जमिनीच्या मानानं दिलेली २५०, ४०० नि ७५० चौरस फुटांची घरं. वाडा असलाच तर 'जुन्या गावात', बाभळींमध्ये, चौथऱ्यापुरता. तिथं एकटं जाऊन फोटो काढत फिरू नका. कुणीतरी आपणहून नेईल. म्हातारी माणसं त्या रात्रीबद्दल लगेच बोलत नाहीत, आणि समोर मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवला तर मुळीच नाही.

यायचं तर वेळ अमावस्येच्या आत या. मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे बहुधा डिसेंबर किंवा जानेवारी. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात घरी कुणी थांबत नाही. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत पांडव म्हणून दगड मांडून पूजा होते, मग भज्जी, उंडे, आंबील. ज्याला शेत नाही त्यालाही कुणाचं ना कुणाचं बोलावणं असतंच, शहरातले मित्रसुद्धा गाड्या भरून येतात. त्या दिवशी तुम्ही बांधावर दिसलात तर कागदपत्रांचा संशय कुणाला येत नाही. आपले आजोबा कोण होते हेही तिथंच कळेल, आंबीलीच्या तिसऱ्या तांब्यानंतर, आणि सगळंच काही अभिमान वाटावा असं नसेल.

कागदांचं थोडक्यात. ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते, काढून या, म्हणजे राहण्याला मुदत नाही. त्यासाठी आजोबांचे निजामाच्या काळातले उर्दू कागद हुडकू नका, आईचा जुना भारतीय पासपोर्ट आणि तुमचा जन्मदाखला यावर काम होतं. (हौस म्हणून हुडका. तारखा फसली सनात, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेत, असतील, साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो.) ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आलेली ठेवता येते. लोकगीतं गोळा करून संशोधन वगैरे करणार असाल तर वेगळी परवानगी लागते.

राहायला मात्र मामांकडे नको. सणावाराला, चार दिवस, जरूर. एरवी किल्लारीत नाहीतर औशात खोली भाड्यानं घ्या. परदेशातला भाचा म्हणजे मामीला रोज वेगळं कालवण, आणि ती तोंडानं कधीच काही म्हणणार नाही.